डावं मडगार्ड

चुंबक चिकटला नाही, एवढंच झालं. सोमवारची सकाळ, घराच्या बाजूची पत्र्याची शेड, शेडमध्ये गाडी, आणि गाडीच्या डाव्या मडगार्डापाशी उकिडवा बसलेला तो. हातातला चुंबक त्याने पत्र्यावर टेकवला, हात काढला, आणि चुंबक टपकन फरशीवर पडला. उचलून पुन्हा लावला, पुन्हा पडला. वीतभर पुढे लावला तर गोचिडासारखा घट्ट बसला. मागे आणला की खाली. अशा वेळी शहाण्या माणसाने आधी चुंबकावर संशय घ्यावा, म्हणून त्यानेही तो घेतला. नालेच्या आकाराचा, टोकांना लाल रंग दिलेला तो चुंबक बायकोच्या शिवणाच्या डब्यातला होता. सांडलेल्या टाचण्या ती त्याने वेचायची. फरशीवरून चुंबक फिरवताना पाळलेल्या मांजराला फिरवून आणावं तसं काहीबाही पुटपुटत असायची. ती गेल्याला आता दीड वर्ष झालं होतं आणि दीड वर्ष तो डबा उघडलेला नव्हता. चुंबकालाही म्हातारपण येत असेल, कोणी सांगावं. म्हणून त्याने तो उजव्या मडगार्डाला लावला, दाराला लावला, बॉनेटला लावला, स्टुलावर चढून छतालाही लावला. सगळीकडे तो ओढून काढावा लागला. फक्त डाव्या मडगार्डावर, दिव्याच्या मागे, तळहाताएवढ्या जागेत या गाडीला लोखंड नव्हतं.

खरं म्हणजे ते त्याला चुंबकाआधीच कळलं होतं. आठवडाभर तो पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने गाडीचा जुना रंग उतरवत होता. सगळीकडे एकच हिशेब लागत होता: वर राखाडी-हिरवा, खाली तांबडा प्रायमर, त्याखाली चमकता पत्रा. पण इथे राखाडी-हिरव्याखाली पुन्हा राखाडी-हिरवाच निघाला, मग करडा, मग तांबडा, आणि मधोमध हिरडीसारखा गुलाबट, मऊ, नखाने खरवडला तर पीठ होणारा एक डाग. पुट्टी, पत्र्यातला पोचा बुजवायला भरतात ती. झाडाच्या बुंध्यावर असतात तशी वर्तुळं पडली होती. त्या वर्तुळांकडे तो चांगला पाव तास बघत बसला, आणि मग आत जाऊन शिवणाचा डबा घेऊन आला. माणसाला खात्री असली की पुरावा लागतो. नाही तर खात्री झोपू देत नाही.

आता हा माणूस कोण, ते सांगायला हवं. छापखान्यात त्याने छत्तीस वर्षं शाई मिसळली. तिथे त्याला डोळेसाहेब म्हणत, आणि ते आडनाव नव्हतं, ती पदवी होती. रंगाचा थेंब कागदावर टाकून अंगठ्याने तो एकदा ओढायचा, कागद खिडकीशी धरायचा आणि सांगायचा, यात काळा दोन थेंब जास्त झालाय. आणि झालेला असायचा. एकदा मुरंब्याच्या बाटलीच्या लेबलासाठी त्याने सफरचंदाचा असा लाल जमवला की गांधीलमाश्या छापखान्यात शिरल्या आणि फोरमनच्या कानाला डसल्या. एकदा कॅलेंडरचे चाळीस हजार कागद त्याने परत पाठवले, कारण आभाळ दुपारचं मागितलं होतं आणि छापलं गेलं होतं चार वाजताचं. या गोष्टी खऱ्या होत्या का, हा प्रश्न कुणी विचारत नसे, कारण तो त्या फार छान सांगायचा. आणि त्या सगळ्यांच्या शेवटी, चहा निवला की, त्याची सर्वांत लाडकी गोष्ट यायची. गाडीची. अडतीस वर्षांत या गाडीला ओरखडा नाही. आधीच्या मालकाने फुलासारखी ठेवली, मी डोळ्यासारखी ठेवली. रोज मैल लिहून ठेवतो. माझ्याशिवाय या चाकाला कुणाचा हात लागलेला नाही. इथे तो थांबायचा, ऐकणाऱ्यांकडे बघायचा आणि शेवटचा हातचा काढायचा. म्हणायचा, नाही म्हणायला एकदा आमच्या हिला शिकवायला बसवली होती. हिने विचारलं, हा आरसा कशाला? म्हटलं, मागचं दिसायला. तर म्हणाली, मागचं कशाला बघायचं, आपल्याला तर पुढे जायचंय. लोक खदखदून हसायचे. ती तोपर्यंत पाहुण्यांसाठी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलेली असायची. आतून नळाचा आवाज यायचा. गोष्ट संपली की ती ट्रे घेऊन बाहेर यायची, पाणी सगळ्यांपुढे धरायची आणि तोंडावर असं काही तरी असायचं की ज्याला तो इतकी वर्षं कंटाळा समजत आला होता.

जुन्या गाड्यांच्या क्लबात एक वर्ग असतो, त्याला ते ‘अखंड’ म्हणतात. रंग नवा चालतो, पण मूळच्याच छटेचा. पण पत्र्याला हातोडी लागलेली चालत नाही, पुट्टी तर नाहीच. सबंध शहरात अशा तीनच गाड्या होत्या. चौथीसाठी त्याने अर्ज भरला होता, आणि ‘कधी अपघात झाला आहे काय’ या रकान्यात, छापखान्याच्या सवयीने मोठ्या सुबक अक्षरात, ‘कधीही नाही’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. येत्या रविवारी क्लबचा सेक्रेटरी पाहायला येणार होता. स्वतःचा चुंबक घेऊन. आयुष्यभर तोंडी सांगितलेली गोष्ट एकदा कुणीतरी कागदावर शिक्का मारून खरी म्हणावी, एवढंच त्याला हवं होतं. घरात ऐकायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मंगळवारी त्याने काहीच केलं नाही. शेडमध्ये खुर्ची टाकून बसला. रंगकामासाठी अजून कागद न चिकटवलेल्या काचेतून आतलं चाक दिसत होतं, आणि चाकावरून मन घसरत घसरत त्या मैदानापर्यंत गेलं, जिथे त्याने बायकोला खरोखरच एकदा चाकामागे बसवलं होतं. दहा मिनिटं. लेक तेव्हा पाचेक वर्षांची, मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभी. बायकोने आरशाकडे बघितलं होतं आणि म्हणाली होती, हा जरा खाली करता का, माझ्या उंचीला मला यात नुसतं छत दिसतंय. बस्स. एवढंच म्हणाली होती ती. पुढे जायचंय वगैरे काही नाही. त्याने आरसा खाली केला नव्हता, कारण तो एकदा बरोबर बसलेला आरसा होता. आणि संध्याकाळी घरी आलेल्या कुणाला तरी सांगताना ते वाक्य जरा गोलाई घेऊन बाहेर पडलं, दुसऱ्यांदा आणखी गोल झालं, आणि मग तीच खरी आठवण होऊन बसली. इतकी वर्षं ती पाणी घेऊन यायची, त्या खोट्या वाक्याच्या मागून, आणि एकदाही म्हणाली नाही की मी असं म्हटलं नव्हतं.

आणि आरशावरून दुसरं काही तरी आठवलं. ते आठवल्यावर तो खुर्चीतून उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. नवं यंत्र शिकायला छापखान्याने त्याला तीन महिने दुसऱ्या शहरात पाठवलं होतं, ते वर्ष. परत आला तर शेड रिकामी. बायको म्हणाली, ऑइल बदलायला दिलीय, परवा येईल. तो चिडला होता. माझ्या गाडीला हात लावायला कुणी सांगितलं होतं, असं दारातच, बूट न काढता म्हणाला होता. गाडी आल्यावर तो आत बसला तेव्हा आरसा खाली झुकलेला होता. त्यात त्याला स्वतःची हनुवटी आणि शर्टाचं वरचं बटण दिसलं. गॅरेजवाल्यांच्या नावाने चार शब्द बोलून त्याने तो पुन्हा जागेवर आणला. मैल पाहिले: गेला तेव्हाच्या आकड्यात तीनची भर. गॅरेजपर्यंत दीड, परत दीड. आकडा बरोबर होता, म्हणून त्याने बाकी कशाकडे पाहिलं नव्हतं.

बुधवारी गुलाबट पुट्टीचा आणि रंगाचा एक पापुद्रा पाकिटात घालून तो बाहेर पडला. दीड मैलावरचं ते गॅरेज बंद होऊन दहा वर्षं झाली होती, पण पत्रा ठोकणारा म्हातारा त्याच्या वरच्याच खोल्यांत राहत होता. त्याला सगळे ठोकेमामा म्हणत. दार सुनेने उघडलं. हातात अर्धवट घडी घातलेली चादर होती.

“मामा आहेत का?”

“आहेत की, जाणार कुठे. पण मोठ्याने बोला हं, आणि उजव्या कानात. डावा नुसता शोभेला ठेवलाय.” आणि आत तोंड करून ती ओरडली, “मामंजी, डोळेसाहेब आलेत. छापखान्याचे. हो हो, तेच. ओरखडा नाहीवाले.”

म्हणजे हे नाव इथवर पोचलेलं होतं. ठोकेमामा खिडकीशी खुर्चीत होता. हात एवढे मोठे की गुडघ्यांवर कुणाचे तरी दुसऱ्याचेच आणून ठेवल्यासारखे. त्याने पाकिटातला पापुद्रा तळहातावर घेतला, चष्मा न लावता, नुसत्या अंगठ्याने उलटा केला, कडेवरून बोट फिरवलं. मग हसला. दात थोडे होते, पण होते तेवढे सगळे हसले.

“सापडलं म्हणायचं शेवटी.”

“हे तुमचं काम?”

“पत्रा माझा, पुट्टी माझी. रंग माझा नाही.”

“मग कुणाचा?”

“तुमच्या बाईंचा.” आणि मग, जणू इतकी वर्षं हेच सांगायला तो खिडकीशी बसून होता, म्हाताऱ्याने पाय पुढे घेतले. “मला तुमचा रंग जमेना साहेब. तीनदा केला. बाई तिथे त्या स्टुलावर बसलेल्या, तीन दिवस. प्रत्येक वेळी कागदावर थेंब घ्यायच्या, अंगठ्याने असा ओढायच्या, उजेडात धरायच्या. म्हणायच्या, नाही मामा, हे ते ओळखतील. म्हटलं, बाई, देवालाही ओळखायचं नाही. म्हणाल्या, देवाचं काय हो, देव छापखान्यात नाही. शेवटी मला बाजूला केलं आणि डबा स्वतःकडे घेतला. पांढरा, काळा, हिरव्याचं एक बोट. आणि मग पिवळा घातला. पिवळा! मी म्हटलं, घालवलात तुम्ही. तर जमला की तो.”

पिवळ्याचा थेंब, ज्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. ते त्याचं वाक्य होतं. जेवताना, भिंतीकडे बघत, वर्तमानपत्राआडून तो आपल्याशीच बोलावं तसं हे सगळं बोलायचा. घरात कुणी ऐकतंय असं त्याला कधी वाटलं नव्हतं. ती समोर कुणाच्या तरी कपड्याला दोऱ्याचा रंग लावून बघत असायची. या गाडीच्या रंगाला ती कबुतरी म्हणायची. कबुतराच्या मानेच्या खालचा, म्हणायची, वरचा नाही. तो म्हणायचा, असा रंग नसतो. आणि अंगठा. तिने अंगठा कधी पाहिला असेल? तेहतीस वर्षं तो त्या मडगार्डावर रोज फडकं फिरवत आला होता. चार वाजताचं आभाळ ओळखणारा माणूस.

“गाडी कुणी ठोकली?” हे त्याने डाव्या कानात विचारलं, मग उठून उजव्या बाजूला गेला आणि पुन्हा विचारलं.

“कुणी म्हणजे? बाईंनीच. चालवायच्या की रोज. मीच शिकवली. त्यांनी माझ्या गिऱ्हाइकांच्या सीटची कव्हरं शिवायची, मी गाडी शिकवायची, असं ठरलं होतं आमचं. पहिल्या दिवशी काय म्हणाल्या ठाऊक आहे? म्हणाल्या, मामा, आधी ती मैल मोजणारी वायर काढा.” म्हाताऱ्याचं पोट हलायला लागलं. “अडीच महिने ती वायर माझ्या खिळ्याला टांगलेली. तुमच्या गाडीने न मोजलेले किती मैल मारलेत, ते त्या बाईला आणि गाडीलाच माहीत. चांगला हात होता. तुमच्यापेक्षा चांगला, राग मानू नका. तुम्ही गिअर बदलता तेव्हा गाडीला कळतं. त्या बदलायच्या तेव्हा कळायचं नाही.”

“मग ठोकली कशी?”

सुनेने चहा आणून ठेवला आणि तिथेच दाराला टेकून उभी राहिली. तिनेही ही गोष्ट ऐकलेली असावी, कारण ती आता त्याच्याकडे बघत होती, सासऱ्याकडे नाही.

“तुम्हाला आणायला गेल्या होत्या ना स्टेशनवर. तुम्ही यायचे त्या दिवशी. चकित करायचं म्हणून. पोरगी पण होती मागे. गाडी अशी बाहेर, खांबांच्या ओळीला उभी केली. तुम्ही बाहेर आलात, बरोबर दोघे-तिघे होते. बाईंनी हाक मारायला काच खाली घेतली. आणि तुम्ही त्या लोकांना काही तरी सांगत होतात, म्हणे. आरशाचं.” ठोकेमामाने चहाचा घोट घेतला. “ते ऐकलं, आणि गाडी सुरू केली, आणि डावीकडे वळवली. तिथे खांब होता.”

“घाबरली असेल,” तो म्हणाला. “हात थरथरला असेल.”

“मीही तेच म्हटलं होतं. तर म्हणाल्या, हात नाही थरथरला मामा. मला नुसतं तिथून लवकर निघायचं होतं.”

“हे सांगताना ती…” त्याने कप उचलला आणि पुन्हा ठेवला. “हसत होती की…?”

“ते नाही सांगता यायचं. स्टूल खिडकीकडे फिरवलं होतं, पाठ होती माझ्याकडे. आणि मी ठोकत होतो, मला कुठे ऐकू येतंय नीट. तेव्हाही कमीच यायचं.” मग म्हातारा धंद्यावर आला. “रविवारी येतोय म्हणे ना तो क्लबचा चुंबकवाला? भिऊ नका. लोखंडाचा बारीक चुरा असतो, तो पुट्टीत कालवून भरतो मी. चुंबक असा बसेल की काढताना क्लबाला माणसं लागतील. अखंड तर अखंड.”

जिना उतरताना त्याला तो दिवस दिसला, आणि दिसला तो नको तितका स्वच्छ. स्टेशनची कमान, पायरीवर सांडलेलं पाणी, यंत्र शिकायला बरोबर गेलेले दोघे जण आणि त्यांच्या हातातल्या जड पिशव्या. आपण घरापासून तीन महिने लांब होतो या आनंदात तो बोलत होता. आरशाची गोष्ट अगदी रंगात आली होती. आणि गोष्ट संपल्यावर त्यांच्यातल्या एकाने बोट दाखवून म्हटलं होतं, डोळेसाहेब, ती बघा, तुमच्यासारखीच गाडी चाललीय. त्याने मान वळवून पाहिलं होतं. पाठमोरी, कोपऱ्यावर वळणारी. आणि तो म्हणाला होता, हे त्याला आता शब्दन् शब्द ऐकू येत होतं, म्हणाला होता, आहे आमच्यासारखीच, पण आमची नाही. आमचा रंग याहून उजळ आहे. ते दोघे कौतुकाने हसले होते. मग तो बराच वेळ पायरीवर उभा राहिला होता, घरचं कुणी आणायला कसं आलं नाही म्हणून रागावलेला, आणि शेवटी भाड्याच्या गाडीने घरी आला होता. दारात म्हणाला होता, माझ्या गाडीला हात लावायला कुणी सांगितलं होतं.

लेकीचा फोन गुरुवारी आला. ती समुद्रापलीकडे राहते आणि तिथली सकाळ इथली दुपार असते. नेहमीसारखं तिने औषधांचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं, शेडमध्ये थिनरच्या वासात कोंडून बसता का, तोंडाला फडकं तरी बांधता का, हे विचारलं. त्याने सगळ्याला हो म्हटलं आणि मग विचारलं, “तुझ्या आईला गाडी चालवता यायची?”

पलीकडे कपात चमचा फिरत होता, तो थांबला.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“बाबा, मी सात वर्षांची होते. आई म्हणाली होती, गाडीतलं गाडीतच ठेवायचं, हा खेळ आहे. मग तो खेळ राहिला, असाच.” चमचा पुन्हा फिरायला लागला. ती म्हणाली, “धरणाच्या रस्त्याला जायचो आम्ही. आई गाणी म्हणायची चालवताना. मोठ्याने. काचा खाली करून.”

लग्नाची त्याआधीची आठ वर्षं, आणि त्यानंतर ती गेली तोवरची साडेएकतीस. एवढ्या वर्षांत त्याने तिला गाताना ऐकलं नव्हतं. पुटपुटताना ऐकलं होतं, चुंबकाशी.

“स्टेशनवर तू होतीस ना मागे? मी काय बोलत होतो, आठवतं तुला?”

“मी झोपले होते, बाबा,” लेक म्हणाली. इतक्या लवकर म्हणाली की त्याने पुढे काही विचारलं नाही. मग तिने पुन्हा गुडघ्यांचं विचारलं.

शुक्रवारी त्याने छिन्नी आणि कानस घेऊन ती पुट्टी काढली. सगळी. ठोकेमामाचं काम असं चिवट की दुपार गेली. खाली पोचा होता: ओंजळीएवढा, एका बाजूने खोल, एका बाजूने उथळ, आणि तळाशी मामाच्या हातोडीचे बारीक ठसे, त्याने जमेल तेवढा पत्रा वर आणल्याचे. खांबाची कड जिथे बसली होती तिथे एक सरळ रेघ राहिली होती. तिच्यावरून त्याने अंगठा फिरवला. सवयीने अंगठा उजेडात धरला. त्यावर काही नव्हतं, नुसती धूळ. लोखंडाच्या चुऱ्याचा विचार त्याच्या मनात आला नाही असं म्हणणं खोटं होईल. चांगला तासभर तो त्या विचाराजवळ बसून होता. भरलं असतं, घासलं असतं, रंगवलं असतं, शिक्का मिळाला असता, आणि मग ती गोष्ट मरेपर्यंत सांगता आली असती. फक्त आता ती सांगताना आतल्या नळाचा आवाज ऐकू आला असता.

शनिवारी त्याने रंग जमवला. पांढरा, काळा, हिरव्याचं बोट. पिवळ्याचा थेंब टाकायला हात वर नेला आणि तिथेच थांबला. किती मोठा? आजवर त्याला हे कधी विचारावं लागलं नव्हतं. मडगार्डावरून निघालेला तिच्या हातचा पापुद्रा आणि दाराच्या आतल्या कडेवरून काढलेला मूळ रंगाचा कपचा त्याने शेजारी शेजारी ठेवले, खिडकीशी नेले, सावलीत नेले, डोळे बारीक केले. फरक होता. तेहतीस वर्षांनी, पापुद्रा सुटा झाल्यावर आणि फरक आहे हे ठाऊक झाल्यावर, त्याला केसाएवढा फरक दिसला: तिचा रंग किंचित उबदार होता. कबुतराच्या मानेच्या खालचा. त्याने थेंब टाकला, कागदावर ओढला, पापुद्र्याशी लावला, आणखी अर्धा टाकला. जमला तेव्हा तो दाराच्या रंगाशी जुळत नव्हता, पापुद्र्याशी जुळत होता. मग त्याने काचांना कागद चिकटवले, तोंडाला फडकं बांधलं आणि सबंध गाडीला तो रंग दिला. एक हात आडवा, एक हात उभा. पोच्यातही. पोच्याला जरा जास्तच.

सेक्रेटरी रविवारी अकरा वाजता आला. गोल, प्रसन्न माणूस, खिशात मखमलीच्या पिशवीत चुंबक. गाडीभोवती त्याने दोन फेऱ्या मारल्या, दर दोन पावलांना “वा” म्हणत, आणि डाव्या मडगार्डाशी आल्यावर त्याचा तिसरा “वा” अर्ध्यावर राहिला. पिशवीतून चुंबक काढायची गरजच पडली नाही.

“डोळेसाहेब, हे काय?”

“पोचा.”

“ते दिसतंय. पण अर्जात तुम्ही…”

“अर्जात चुकलं. खोडा.”

“अहो, रंगाआधी सांगायचंत. आपल्याकडे पत्रेवाले आहेत, एका दुपारचं काम. दुसऱ्या वर्गात तर सहज बसेल. अखंडचं मात्र…” त्याने मान हलवली, घरातलं कुणी गेल्यासारखी. “कुणी ठोकली पण? तुमच्याशिवाय कुणाचा हात लागला नाही म्हणता ना?”

सगळी तयारी होती. पस्तीस वर्षं घासून गुळगुळीत केलेल्या गोष्टी जिभेवर रांगेत उभ्या होत्या. खांबाचीसुद्धा एक चटकदार गोष्ट झाली असती, वायरीची तर झालीच असती. त्याने तोंड उघडलं.

“बायकोने,” तो म्हणाला. “चांगली चालवायची.”

आणि पुढे काही आलं नाही. सेक्रेटरी क्षणभर वाट बघत राहिला, या माणसाच्या गोष्टी इतक्या लवकर संपत नाहीत हे तोही ऐकून होता. मग दोघे आत येऊन बसले. सेक्रेटरीला घाम आला होता. तो खुर्चीत रेलला, समोरच्याचं मन हलकं करणं हे आपलं काम आहे असं त्याला वाटलं असावं, आणि तो म्हणाला, “जाऊ द्या हो. बायका आणि गाड्या. आमच्या हिची सांगतो तुम्हाला. हिला मी एकदा चाकामागे बसवली…”

“पाणी आणतो,” तो म्हणाला आणि उठला.

स्वयंपाकघरात तो ओट्यापाशी उभा राहिला. बाहेरून शब्द स्पष्ट ऐकू येत होते, मधल्या भिंतीला कान लावायचीही गरज नव्हती: “तर ही काय म्हणते माहितीय का,” सेक्रेटरी जरा मोठ्याने सांगत होता, आतवर पोचावं म्हणून. त्याने ग्लास नळाखाली धरला आणि नळ सोडला. जुना नळ, खालचं भांडं पत्र्याचं. धार त्यावर आपटली आणि बाहेरचा आवाज गेला. कमी झाला नाही, पुसट झाला नाही, गेलाच. नळ पूर्ण सोडला की या जागी बाहेरचं एक अक्षर येत नव्हतं. समोर भिंतीत छोटी खिडकी होती, आणि खिडकीतून, इथे उभं राहिल्यावर, शेड दिसत होती. शेडच्या उघड्या दारातून गाडीचं डावं मडगार्ड. बाकीची गाडी नाही. तेवढंच.

ग्लास भरला, भरून वाहायला लागला, हातावरून मनगटापर्यंत गार पाणी आलं. बाहेर गोष्ट संपली असेल किंवा नसेल. संपल्याचं तिला कसं कळत असेल, हे काही त्याला समजेना. तो तसाच उभा राहिला. नळ त्याने बंद केला नाही.